पहिल्या ओळीची दुपार



वटारला तुम्ही बायका दर बुधवारी दुपारी जमून नक्की करता काय, असं बऱ्याच जणी विचारतात. भिशी आहे का? भजनी मंडळ आहे का? दोन्ही नाही. आम्ही कादंबऱ्यांच्या पहिल्या ओळी वाचतो. फक्त पहिल्या. फारच आग्रह झाला तर दुसरी.

पद्धत सोपी आहे. घरातली, शेजारची किंवा वाचनालयातली कुठलीही कादंबरी आणायची. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं आणि नाव सांगायचं नाही. पहिली ओळ मोठ्याने वाचायची, पुस्तक मिटायचं आणि गप्प बसायचं. बाकीच्यांनी तीन गोष्टी सांगायच्या. कोण बोलतंय? आपण कुठे आहोत? आणि पुढे जावंसं वाटतंय का? जिला सगळ्यात जास्त जावंसं वाटतं, ती पुस्तक घरी नेते. जमलं तर पूर्ण वाचते, नाही जमलं तर पुढच्या बुधवारी परत आणते. परत आणणारीला कुणी काही बोलायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम.

पहिलीच ओळ का? कारण वेळच तेवढा असतो. आपल्या घरांतली दुपार किती छोटी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भांडी आवरून अडीच वाजतात. चौविहार करणारी माणसं घरात असली की साडेचारला पुन्हा कणीक मळायला घ्यावी लागते. मध्ये मुलं येतात, दुकानातून चहाचा निरोप येतो. उरतात पाऊण तास, म्हणजे एका सामायिकाची ४८ मिनिटं म्हणा. एवढ्या वेळात कादंबरी काय वाचणार? पण सात पहिल्या ओळी सहज होतात.

आमच्यात चौघी जैन आहोत. दोन वाडवळ घरातल्या वहिनी, त्यांच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती बाई आहेत, त्यांना सगळं गाव टीचर म्हणतं. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत कुणाच्या हातात पुस्तक दिसलं तर कुणी वळून बघत नाही. दुपारी तीन वाजता बाईच्या हातात दिसलं, तर मात्र अजून बघतात.

आता ओळींविषयी सांगते.

एका बुधवारी टीचरांनी जी ओळ वाचली तिच्यात एक मुलगा आपलं नाव सांगतो आणि लगेच आपलं वय. पंचविशीतला. एवढंच. एक वहिनी म्हणाल्या, "हा बापाकडे पैसे मागायला आलेला दिसतो." आम्ही हसलो. ती भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला' होती, आणि पुढे वाचल्यावर कळलं की वहिनींचा नेम फारसा चुकलेला नाही! घरात तरुण मुलगा असलेली बाई आवाजावरूनच बरंच काही ओळखते.

'मृत्युंजय'मध्ये आधी कर्णच बोलायला लागतो. मला माझी गोष्ट सांगायची आहे, असा त्याचा सूर. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. आपल्यापैकी अनेकींच्या माहेरी कपाटात ती जाडजूड उभी असते आणि कुणी काढत नाही. त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात अबोल भाभीने ती मागून घेतली. म्हणाली, "आयुष्यभर दुसरेच सांगत आले हा कोण आहे ते. आता तो स्वतः सांगतोय, तर ऐकते." दीड महिन्यात तिने ती संपवली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. नव्या नोकरीवर निघालेला कोवळा मास्तर एकटाच पायी वाडीकडे चाललाय. मी ती वाचली तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मग एकजण हळूच म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा इथे आले तेव्हा असंच वाटलं होतं." मास्तर माणदेशात चाललाय, ती राजस्थानातल्या माहेराहून वटारला आलेली. वाट मात्र दोघांना सारखीच वाटली.

गुजराती घरातल्या भाभीने 'सरस्वतीचंद्र' गुजरातीतूनच वाचली. गोवर्धनराम त्रिपाठींच्या या कादंबरीचा पहिला भाग १८८७ साली आला. सुरुवातीलाच एक बंदराचं गाव आहे, जिथे नदी समुद्राला मिळते. वाडवळ वहिनींना गुजराती अर्धंच कळलं, पण त्या पटकन म्हणाल्या, "हे तर आपल्या अर्नाळ्यासारखं!" आमच्याकडे वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. भाषा कळायच्या आधी जागा कळली.

माझ्या भाचीने एकदा जेन ऑस्टिनची १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणली आणि पहिल्या ओळीचा अर्थ मराठीत सांगितला. पैसेवाला अविवाहित मुलगा दिसला की आसपासची घरं मनातल्या मनात काय ठरवून टाकतात, याची त्यात चेष्टा आहे. आम्हा चौघींना एकदम आपल्या समाजातले बायोडाटा आठवले. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतही आयांचं हेच चालायचं म्हणायचं!

सगळ्यात जास्त वाद झाला तो टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'वरून. सुखी घरं आणि दुःखी घरं यांची तुलना करूनच ती सुरू होते. सुखी घरं सगळी एकसारखी असं तो म्हणतो, ते आमच्यातल्या काहींना मुळीच पटलं नाही. एक काकी म्हणाल्या, "त्याला कसं कळणार? सुखी घर सुखी का आहे हे विचारायला त्या घरात कुणी जातच नाही." त्या दिवशी कणीक मळायला सगळ्यांनाच उशीर झाला.

'पण लक्षात कोण घेतो' वाचली तेव्हा यमूचा आवाज ऐकून सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की हे बाईनेच लिहिलेलं आहे. हरी नारायण आपटे, १८९०, असं सांगितल्यावर विश्वास बसेना. मग टीचरांनी आणखी मागचं सांगितलं. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवांचे हाल हाच आहे. 'कादंबरी' हा शब्दसुद्धा बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या नायिकेचं नाव आहे. म्हणजे नाव बाईचं, पहिला विषयही बाईच. आणि वाचायला मात्र आपल्याला वेळ नाही!

असं सगळं छान चाललं होतं. मग चातुर्मास सुरू झाला आणि एक अडचण आली.

आमच्या शेजारी एक बा राहतात. वय ऐंशीच्या घरात, दोन वेळचं प्रतिक्रमण चुकत नाही, आयंबिलच्या ओळ्या किती केल्या त्याचा हिशोब त्यांनाही आठवत नाही. त्यांनी माझ्या सासूबाईंना निरोप पाठवला. चातुर्मासात बायका जमवून कादंबऱ्या वाचता, ही विकथा नाही का?

मैत्रिणींनो, शब्द साधा नाही. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा, राजकथा या चार विकथा टाळाव्यात हे आपण लहानपणापासून ऐकतो. कादंबरीत तर चारही असतात. निरोप पोचला आणि पुढच्या बुधवारी दोन जणी आल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. 'बघ बाई, तुझं तू' असं म्हटलं होतं. त्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो.

मी सासूबाईंना घेऊन साध्वीजी महाराजसाहेबांकडे गेले. आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचं दर्शन केलं, मग उपाश्रयात वंदन करून सुखसाता विचारली आणि सरळ प्रश्न मांडला. मला वाटलं होतं, उत्तर हो किंवा नाही असं येईल. महाराजसाहेबांनी आम्हाला गोष्टीच सांगितल्या.

आधी त्या म्हणाल्या, की आपल्या आचार्यांनी कथेला सरसकट वाईट म्हटलेलं नाही. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी 'समराइच्चकहा'मध्ये अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्ण म्हणजे मिश्र कथा असे प्रकार सांगितले. धर्मकथेचेही चार प्रकार आहेत: आक्षेपणी, विक्षेपणी, संवेगजननी आणि निर्वेदजननी. यातली पहिली आक्षेपणी, म्हणजे ऐकणाऱ्याला ओढून घेणारी. उद्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये 'कुवलयमाला' ही मोठी प्राकृत कथा पूर्ण केली. त्यात ते आक्षेपणीला मनाला अनुकूल वाटणारी म्हणतात. मन आधी जवळ आलं पाहिजे. ते आलंच नाही तर त्याला संवेग कुठून होणार आणि निर्वेद कुठून?

मला तिथेच लक्षात आलं, की आमची पहिली ओळ हे आक्षेपणीचंच काम करते.

मग त्यांनी हरिभद्रांची स्वतःची गोष्ट सांगितली. चित्तोडचे मोठे विद्वान ब्राह्मण. प्रतिज्ञा अशी, की जे मला समजणार नाही ते ज्याच्याकडून ऐकेन त्याचा शिष्य होईन. एकदा जाताना याकिनी महत्तरा नावाच्या साध्वी एक गाथा म्हणत होत्या, ती त्यांच्या कानावर पडली. अर्थ लागेना. ते आत गेले, विचारलं, आणि साध्वीजींनी त्यांना आपल्या आचार्यांकडे पाठवलं. पुढे शेकडो पानं लिहिणारा हा माणूस स्वतःला याकिनी महत्तरांचा धर्मपुत्र म्हणवत राहिला. एका बाईच्या तोंडून ऐकलेल्या एका गाथेचं हे फळ.

दुसरी गोष्ट सिद्धर्षींची. ते दीक्षेआधी जुगारी होते असं परंपरा सांगते. रात्री उशिरा घरी यायचे. बायको दारासाठी जागत बसायची, वाळत चालली होती. सासूच्या ते लक्षात आलं. तिने सुनेला झोपायला पाठवलं आणि स्वतः जागी राहिली. मुलाने दार वाजवलं तेव्हा आतूनच म्हणाली, या वेळी ज्याचं दार उघडं असेल तिथे जा. गावात एकच दार उघडं होतं, उपाश्रयाचं. हे सांगताना महाराजसाहेब माझ्या सासूबाईंकडे बघून हसल्या. "सुनेच्या जागरणाची काळजी करणारी सासू होती, म्हणून आपल्याला हा ग्रंथ मिळाला."

तो ग्रंथ म्हणजे 'उपमितिभवप्रपंचा कथा', इसवी सन ९०६ मधला. संस्कृतातली मोठी रूपककथा. तिच्या आरंभीच एक भिकारी भेटतो, निष्पुण्यक. हातात फुटकं भांडं, त्यात नासलेलं अन्न, आणि ते कुणी हिसकावून घेईल ही सतत भीती. फिरत फिरत तो सुस्थित राजाच्या महालापाशी येतो. तिथल्या द्वारपालाचं नाव स्वकर्मविवर, म्हणजे आपल्याच कर्मांमध्ये पडलेली फट. तो त्याला आत सोडतो. आत धर्मबोधकर नावाचा पाकशाळेचा प्रमुख आणि त्याची मुलगी तद्दया त्याला चांगलं अन्न देऊ करतात. आणि हा काय करतो? आपलं नासकं अन्न टाकायला तयार होत नाही! फ्रिजमधल्या डब्यावरून घरच्यांशी भांडणाऱ्या आपल्याला हा माणूस लगेच ओळखू येतो.

शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कुणीच सांगितलेली नव्हती. एवढ्या मोठ्या ग्रंथाची पहिली प्रत लिहिली ती गणा नावाच्या साध्वीने. ग्रंथाच्या अखेरीस सिद्धर्षींनी तिचं नाव आदराने नोंदवलंय, तिला श्रुतदेवतेसारखी म्हटलंय. या कथेची पहिली ओळ स्वच्छ अक्षरात कागदावर, म्हणजे त्या काळी ताडपत्रावर, आली ती एका बाईच्या हातून.

मी निघताना विचारलं, "मग बुधवार चालू ठेवू का?" त्या म्हणाल्या, "ओढून घेणारी ओळ वाचता, ठीक आहे. पण ती ओढून कुठे नेते, हेही बघत जा."

परतताना रिक्षात सासूबाईंनी आणखी एक धागा जोडला. वज्रसेनसूरींची गोष्ट त्यांना पाठ आहे. बारा वर्षांचा दुष्काळ, सोपाऱ्यात जिनदत्त श्रावकाचं घर. लाख मोलाचा एक हंडा भात शिजवून ईश्वरी त्यात विष कालवायच्या बेतात, म्हणजे सगळं कुटुंब एकदम सुटेल. तेवढ्यात वज्रसेनसूरी गोचरीला आले आणि म्हणाले, थांबा, उद्या धान्य येईल. ते आलं. मग त्या घरातल्या चार मुलांनी दीक्षा घेतली: नागेंद्र, चंद्र, निवृत्ति, विद्याधर. त्यांच्या नावांची चार कुळं झाली. हरिभद्रसूरी विद्याधर कुळातले आणि सिद्धर्षी निवृत्ति कुळातले. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, वटारहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. आपल्या दोन एवढ्या मोठ्या कथाकारांची कुळं इथल्या एका चुलीपाशी सुरू झाली, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही एक नियम वाढवला. जी पुस्तक संपवून परत आणेल, तिने एकच गोष्ट सांगायची: हे वाचून राग, मान, कपट, लोभ यातलं माझ्यात काय कमी झालं, की उलट वाढलं? 'मृत्युंजय' वाचणारी भाभी म्हणाली, "वाढलं. आठ दिवस मी सगळ्यांचे जुने अपमान आठवत बसले." इतकं खरं उत्तर मी व्याख्यानातही क्वचित ऐकलंय. मग तिथूनच 'समराइच्चकहा' निघाली. त्या कथेची सुरुवात एका राजपुत्राने एका कुरूप मुलाच्या केलेल्या चेष्टेपासून होते आणि वैर नऊ भव चालतं. भाभी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "कर्णाचीही चेष्टाच झाली होती ना."

आणि मग बा स्वतः आल्या. काठी टेकत, कुणालाही न सांगता. मला वाटलं, आता ओरडा बसणार. त्या बसल्या, दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला विकथा म्हटलं. पण तुम्ही सुरुवात वाचता म्हणून ऐकायला आले." मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"साठ वर्षं व्याख्यानाला जाते. एकदाही वेळेवर पोचले नाही. सगळ्यांची नवकारशी, पोरांचे डबे, सासऱ्यांचं औषध. जाऊन दाराजवळ बसायचं. गोष्ट अर्धी झालेली असायची. शेवटाआधी उठायचं, कारण घरी येऊन चूल पेटवायची. मला सगळ्या गोष्टींचा मधलाच भाग माहीत आहे."

कुणाला काही सुचेना. टीचरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. बा म्हणाल्या, "ती भिकाऱ्याची गोष्ट आहे ना, मला त्याने अन्न टाकलं नाही तेवढंच माहीत आहे. तो आला कुठून?" मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. नगराचं नाव, रस्ता, मागे लागलेली पोरं, फुटकं भांडं, दरवाजा, द्वारपाल. द्वारपालाचं नाव ऐकल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते नाव स्वतःशी दोनदा म्हटलं.

न येणाऱ्या दोघींपैकी एक आता पुन्हा येते. दुसरी आली नाही, तिला आम्ही दर आठवड्याला एक ओळ चिठ्ठीवर लिहून पाठवतो. ती चिठ्ठी परत पाठवत नाही, एवढं सध्या पुरे आहे.

तुम्हालाही हे करता येईल. त्यासाठी मंडळ लागत नाही, वर्गणी लागत नाही. दोघी असल्या तरी चालतं. पर्युषणात आपल्या आराधनेलाच वेळ द्या, पण बाकीच्या दिवसांत घरातलं एक पुस्तक काढा. एकदम पन्नास पानं वाचायचा निश्चय करू नका, तो चार दिवस टिकतो. पहिली ओळ वाचा, पण मनात नको, मोठ्याने. आणि ती स्वयंपाकघरातल्या बाईला ऐकू जाईल अशी वाचा. गोष्ट सुरू होताना ती बहुतेक वेळा तिथेच असते. सासूबाई असोत, जाऊबाई असो की कामाला येणारी मावशी, तिला विचारा: कोण बोलतंय गं? पुढे जाऊया का?

ती म्हणाली 'नको, भाजी करपेल', तर गॅस बारीक करा आणि ओळ पुन्हा एकदा वाचा.

जय जिनेंद्र.